शोकानंतरचा अनुराग : प्रस्तावना

प्रिय माणसाच्या वियोगाने व्याकूळ झालेल्याचे दुःख शृंगाराच्या इलाख्यात मोडते की करुणाच्या, हा प्रश्न आपल्या नाट्यशास्त्रकारांनी फार पूर्वीच विचारात घेतला होता आणि त्याचा निवाडा त्यांनी पुनर्मीलनाच्या आशेवर सोपवला होता. भेटीची अपेक्षा जिथे शिल्लक आहे तिथे विप्रलंभ शृंगार, आणि जिथे ती पुरती मावळली आहे तिथे करुण, असा भेद भरताच्या नाट्यशास्त्रात केलेला आढळतो. पुढे विश्वनाथाने साहित्यदर्पणात विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार मानले, तेव्हा चौथ्या प्रकारात त्याने मृत्यूलाही जागा करून दिली, पण तीदेखील या अटीवर की गेलेले माणूस पुन्हा लाभणार आहे याची काही हमी असली पाहिजे. बाणभट्टाची महाश्वेता अच्छोद सरोवराच्या काठी तपाचरण करीत कालक्रमणा करते, ती पुंडरीक परत भेटेल असा हवाला तिला मिळालेला आहे म्हणून. ज्यांना असा हवाला मिळत नाही, आणि तरीही ज्यांचे प्रेम संपत नाही, त्यांची वासलात शास्त्राने करुण रसात लावली आणि प्रश्न मिटवला.

कालिदासाने मात्र तो मिटू दिलेला नाही. रघुवंशाच्या आठव्या सर्गात नारदाच्या वीणेवरून घसरलेली दिव्य पुष्पमाला वक्षःस्थळी पडताच इंदुमती गतप्राण होते, अजराजा विलाप करतो, वसिष्ठ आपल्या शिष्याकरवी विवेकाचा उपदेश धाडतात, आणि तो उपदेश शोकाने भरलेल्या त्या हृदयात जागा न मिळाल्यामुळे जणू गुरूकडेच परत जातो. दशरथ अजून लहान आहे, म्हणून अज कसाबसा आठ वर्षे तग धरतो; पत्नीच्या प्रतिमा पाहत, स्वप्नातल्या क्षणभराच्या भेटींवर दिवस काढत तो जगतो, आणि मुलगा राज्यभार उचलण्याइतका मोठा होताच गंगा-सरयूच्या संगमावर देह ठेवतो. विलापाला कवीने भरघोस श्लोक दिले आणि त्यानंतरची आठ वर्षे मोजक्या शब्दांत ओलांडली. कालिदासाचा यात काही उणेपणा आहे असे सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. पण ती आठ वर्षे अजाने कशी काढली, सकाळी उठून त्याने प्रथम काय केले, मुलाशी तो काय बोलला, एखाद्या दिवशी तो हसला का आणि हसल्यावर त्याला स्वतःचा राग आला का, हे जाणून घेण्याची ओढ ज्या वाचकाला लागली असेल, त्याच्याकरता आपल्या काळात एक निराळीच कला पुढे सरसावली आहे. प्रेम, मृत्यू आणि त्यानंतर उरलेल्या माणसाचे पुन्हा माणसांत येणे हा चित्रपटाचा एक स्वतंत्र वर्ग आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ त्या वर्गाचा मराठीत शोध घेतो.

ग्रंथाच्या मध्यभागी एक चित्रपट आहे: शूजित सरकार यांनी दिग्दर्शित केलेला आणि जुही चतुर्वेदी यांनी लिहिलेला, १३ एप्रिल २०१८ रोजी प्रदर्शित झालेला ‘ऑक्टोबर’. त्याची योग्यता त्याच्या वाट्याला आलेल्या कीर्तीहून फार मोठी आहे असे या ग्रंथाच्या लेखिकेचे मत आहे आणि माझेही आहे. त्या मताचा आधार सांगण्यापूर्वी नवख्या वाचकाला या प्रांताची थोडी ओळख करून देणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य ठरते.

आपल्याकडे या विषयाचा आरंभ चित्रपटगृहात झाला नाही. तो कायद्याच्या दप्तरात आणि कादंबरीच्या पानांत झाला. शोक किती करावा, किती दिवस करावा आणि त्यातून बाहेर पडण्याची मुभा कोणाला असावी हे हृदयाने ठरवायचे नसून जातीने, घराण्याने आणि वडीलधाऱ्यांनी मुक्रर करायचे, अशी वहिवाट होती, आणि ती स्त्री-पुरुषांना सारखी लागू नव्हती. विधवेवर शोक लादला जाई, विधुरावर सांत्वन लादले जाई. १८५६ च्या विधवापुनर्विवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी, पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने अशी तजवीज केली की पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मिळकतीवरील तिचे हक्क, ती स्वतःच त्या क्षणी मरण पावली आहे असे समजून, संपुष्टात यावेत. दुसऱ्यांदा प्रेम करणाऱ्या स्त्रीला कायद्याच्या भाषेत मृत मानण्याचा हा दस्तऐवज मला कोणत्याही शोकांतिकेहून अधिक विदारक वाटतो. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले आणि मराठी कादंबरीने आपला पहिला श्वास विधवेच्या दुःखातच घेतला, हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ने त्या दुःखाला प्रथमपुरुषी वाचा दिली, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला आणि बहिष्कार पत्करला. याच्या उलट बाजूला, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांना प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्याच वर्षात, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न करावे लागले. रमाबाईंच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना त्या घरातल्या पहिल्या दिवसांचे अवघडलेपण ठाऊक आहे.

हिंदी चित्रपट बराच काळ याच वहिवाटीच्या चौकटीत फिरत राहिला. राज कपूर यांच्या १९८२ च्या ‘प्रेम रोग’मध्ये विधवेचा पुनर्विवाह हा समाजाविरुद्ध लढवायचा दावा आहे, नायिकेच्या मनात मृत पतीविषयी काय उरले आहे हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. त्याच्या आधी, १९७५ च्या ‘शोले’त, सगळ्या गोळीबाराच्या आणि घोड्यांच्या टापांच्या मध्ये, काही थोडी दृश्ये अशी आहेत की ती एखाद्या स्वतंत्र चित्रपटातून आल्यासारखी वाटतात: पांढऱ्या लुगड्यातली राधा संध्याकाळी हवेलीच्या सज्जात एकेक दिवा मालवत जाते आणि खाली पायरीवर बसलेला जय तोंडाने वाजवायचा बाजा वाजवत तिकडे पाहत राहतो. दोघांत संभाषण जवळजवळ नाहीच. शेवटी जय मरतो आणि राधा खिडकी लावून घेते. या ग्रंथाची लेखिका राधेच्या कथेला या वर्गातील भारतीय पूर्वसूरी मानते. मला ते मान्य नाही, कारण राधेला बरे होण्याची संधी कथेने देऊ केली ती केवळ हिरावून घेण्यासाठी. तथापि त्या दिव्यांच्या दृश्याचे लेखिकेने केलेले विवेचन इतके मर्मग्राही आहे की माझा आक्षेप बाजूला ठेवून वाचकाने ते जरूर वाचावे.

युरोपात या वर्गाची घडण महायुद्धानंतर झाली. आलँ रेने यांच्या १९५९ च्या ‘हिरोशिमा मॉन आमूर’मध्ये एक फ्रेंच नटी हिरोशिमात भेटलेल्या जपानी पुरुषाच्या सहवासात आपल्या मारल्या गेलेल्या जर्मन प्रियकराची कथा प्रथमच उच्चारते, नवे प्रेम जुन्या शोकाची जबानी घेते, आणि सांगून टाकल्यामुळे आपण त्या मृताशी प्रतारणा केली या जाणिवेने ती हादरते. क्लोद ललूश यांच्या १९६६ च्या ‘एक पुरुष, एक स्त्री’ने हाच प्रश्न अधिक लोकप्रिय, अधिक सुरेल रूपात मांडला: दोविलच्या शाळेत मुलांना पोहोचवायला येणारी विधवा आणि विधुर, त्यांचा पावसातला मोटारप्रवास, आणि अगदी जवळिकीच्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे उभा राहणारा दिवंगत पती. त्या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्याचे संगीत जगभर पसरले. माझ्या मते त्याचा खरा गुण मात्र त्या एका थबकलेल्या क्षणात आहे.

यानंतर दोन संप्रदाय स्पष्टपणे वेगळे होतात. पहिला मृताला परत आणतो. १९९० साली या संप्रदायाचे दोन चित्रपट आले. त्यांपैकी ‘घोस्ट’ सर्वांना ठाऊक आहे, आणि अँथनी मिंगेला यांनी बीबीसीकरता केलेला ‘ट्रुली, मॅडली, डीपली’ त्याच्या सावलीत राहिला. ज्यूलिएट स्टीव्हन्सन हिने साकारलेली नीना मानसोपचारतज्ज्ञापुढे बसून रडते, ते रडणे नाक वाहणारे, चेहरा विद्रूप करणारे, कोणत्याही नायिकेला न शोभणारे आहे. म्हणूनच ते पाहणाऱ्याला सोडत नाही. तिचा चेलोवादक जेमी, म्हणजे ॲलन रिकमन, मृत्यूनंतर घरी परततो, आणि प्रथम आनंदीआनंद होतो. मग हळूहळू लक्षात येते की त्याला सारखी थंडी वाजते, घर असह्य होईतो तापवावे लागते, त्याचे मृत स्नेही रात्री-अपरात्री बैठकीत बसून चित्रपट पाहतात, सामानाची जागा तिला न विचारता बदलते. मृताबरोबर संसार करायचा तर जिवंताने आपले घर सोडावे लागते, हे सत्य मिंगेलाने एकाही उपदेशपर वाक्यावाचून पटवले आहे. जेमीने परत येण्यामागे तिला मोकळे करण्याचाच हेतू होता की काय, अशी शंका शेवटी प्रेक्षकाच्या मनात येते, आणि तीच त्या चित्रपटातील सर्वांत मोठी प्रेमाची कबुली आहे.

दुसरा संप्रदाय मौनाचा. क्रिस्तॉफ किएस्लोव्स्की यांच्या १९९३ च्या ‘थ्री कलर्स : ब्लू’मध्ये पती आणि मुलगी अपघातात गमावलेली ज्यूली सर्व पाश तोडण्याचा निश्चय करते, घर विकते, पतीचे अपुरे संगीत कचऱ्यात जाऊ देते. एका दृश्यात ती उपाहारगृहात बसून साखरेची वडी कॉफीला टेकवते आणि तपकिरी रंग वडीत चढत जाताना कॅमेरा दुसरे काहीही पाहत नाही. शोकग्रस्ताचे जग किती आकुंचित होते, त्याला स्वतःच्या बोटांपलीकडचे काही पाहवत नाही, हे दाखवायला दिग्दर्शकाने एवढी एकच वडी पुरवली. हिरोकाझू कोरेएदा यांचा १९९५ चा ‘माबोरोशी’ यापुढे जातो: पतीने रेल्वेच्या रुळांवर जीव का दिला याचा उलगडा यूमिको या तरुण विधवेला कधीच होत नाही, दुसरे लग्न करून ती नोतो द्वीपकल्पावरील समुद्रकाठच्या गावी जाते, नवा नवरा भला आहे, मुले एकमेकांत रमतात, आणि तरीही एके दिवशी ती एका अनोळखी प्रेतयात्रेमागून किनाऱ्याने चालत सुटते. कॅमेरा इतक्या दूर उभा आहे की माणसे क्षितिजावरच्या रेघोट्यांएवढी दिसतात. तिला उत्तर मिळते ते एवढेच की समुद्रावर कधी कधी एक प्रकाश दिसतो आणि तो माणसाला बोलावतो.

जपाननेच त्याच वर्षी याहून कोमल असा एक चित्रपट दिला. शुंजी इवाई यांच्या ‘लव्ह लेटर’ची हिरोको गिर्यारोहणात मरण पावलेल्या आपल्या वाग्दत्त वराच्या जुन्या, आता रस्त्याखाली गेलेल्या घराच्या पत्त्यावर एक पत्र टाकते, आणि ओतारू गावाहून त्याला उत्तर येते, कारण त्याच नावाची एक मुलगी त्याच्याच वर्गात होती. कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले ते १७ जानेवारी १९९५ रोजी. कोबेत राहणाऱ्या या नायिकेचा चित्रपट २५ मार्चला प्रदर्शित झाला. कथेत भूकंपाचा उल्लेखही नाही. पण बर्फाच्छादित पर्वताकडे तोंड करून मृताला ‘कसा आहेस’ असे ओरडून विचारणारी ती तरुणी त्या वर्षीच्या जपानी प्रेक्षकाने कोणत्या मनाने पाहिली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

भारतात या शतकात पालट झाला. २०१३ साली गजेंद्र अहिरे यांचा ‘अनुमती’ आला. मेंदूतील रक्तस्रावाने बेशुद्ध झालेल्या पत्नीचा कृत्रिम श्वास चालू ठेवावा की थांबवावा, या कागदावर सही मागितली गेलेला वृद्ध शिक्षक विक्रम गोखले यांनी उभा केला, आणि त्या भूमिकेबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी प्रेक्षकांच्या स्मृतीत तो असायला हवा होता तितका उरलेला नाही. २०१५ चा नीरज घायवान यांचा ‘मसान’ काशीच्या घाटावर घडतो: चिता रचणे हेच ज्याच्या घराण्याचे काम आहे त्या दीपकसमोर अपघातात दगावलेल्यांची प्रेते येतात, आणि त्यांतल्या एका हातातील अंगठीवरून तो आपल्या प्रेयसीला ओळखतो. पुढे एका रात्री तो ती अंगठी गंगेत भिरकावतो आणि लगेच तिच्यासाठी पाण्यात उडी घेतो. सोडून देणे आणि सोडवत नसणे यांमध्ये एका श्वासाचेच अंतर असते, हे यापेक्षा थोडक्यात मी कुठे पाहिलेले नाही.

आता ‘ऑक्टोबर’कडे येतो. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात उमेदवारी करणाऱ्या तरुण-तरुणींचा एक गट. त्यांत डॅन नावाचा चिडखोर, कामचुकार, वरिष्ठांची बोलणी खाणारा मुलगा, आणि शिउली नावाची मनापासून काम करणारी मुलगी. दोघांत प्रेम नाही, मैत्रीही बेताचीच. नववर्षाच्या पूर्वसंध्येला मित्रमंडळी गच्चीवर जमलेली असताना शिउली कठड्यावरून घसरून खाली कोसळते. डॅन त्या रात्री तिथे नसतो. काही दिवसांनी त्याला बोलण्याच्या ओघात कळते की पडण्यापूर्वी तिने विचारलेला शेवटचा प्रश्न ‘डॅन कुठे आहे?’ हा होता. एवढ्या एका प्रश्नाच्या आधारावर हा मुलगा अतिदक्षता विभागाच्या दाराशी जाऊन बसतो आणि उठत नाही. नोकरी जाते, मित्र वैतागतात, तो काही काळ दूर डोंगरात कामाला जातो आणि पुन्हा परततो. शिउली डोळ्यांच्या बुबुळांनी होय-नाही सांगू लागते, घरीही येते, आणि अखेरीस जाते.

या कथेने शास्त्राचा क्रमच उलटा केला आहे. प्रथम अनुराग, मग वियोग, मग शोक, ही सर्व वाङ्मयाची चाल. इथे वियोग प्रथम घडला, शोक त्यानंतर आला, आणि अनुराग त्या शोकाच्या पोटी, रुग्णालयाच्या बाकावर, रोज थोडाथोडा जन्मला. जे गमावल्याचे दुःख करायचे ते आधी मिळालेलेच नाही. तिचे आपल्यावर प्रेम होते की तो प्रश्न तिने सहज विचारला होता, याची रुजवात घालायला कोणी उरलेले नाही, आणि पटकथाकार जुही चतुर्वेदी यांनी तो संशय अखेरपर्यंत फिटू दिलेला नाही, हे त्यांच्या संयमाचे गमक आहे. डॅन बरा होत जातो तो दुःख विसरून नव्हे. दुसऱ्याच्या शुश्रूषेत स्वतःची कडवट, उतावळी, कशालाच न चिकटणारी वृत्ती झिजवून. अजाची आठ वर्षे कशी गेली असतील याचे उत्तर मला या हॉटेलातल्या पोराने दिले असे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

शिउली म्हणजे आपला प्राजक्त. शरदात रात्री फुलणारी आणि पहाटेपर्यंत गळून पडणारी ही फुले त्या मुलीला आवडतात. डॅन ती तिच्या उशाशी आणून ठेवतो आणि त्या वासाने तिच्यात काही हालचाल झाल्यासारखे दिसते. प्रतीक म्हणून हे सहज स्वस्त होऊ शकले असते. तसे झाले नाही याचे श्रेय अवीक मुखोपाध्याय यांच्या छायाचित्रणाला आहे: दिल्लीतला धुरकट हिवाळी उजेड, रुग्णालयातला कोणत्याही ऋतूत न बदलणारा पांढरा उजेड, आणि या दोहोंच्या मध्ये कधीतरी दिसणारी पानझड. शंतनू मोइत्रा यांचे संगीत क्वचितच पुढे येते, आणि पडद्यावर कोणी गाणे म्हणत नाही. चित्रपटाच्या शेवटी शिउलीचे कुटुंब दक्षिणेकडे जायला निघते तेव्हा अंगणातले झाड सांभाळण्याची जबाबदारी डॅन पत्करतो.

चित्रपटावर घेतला गेलेला एक आक्षेप गंभीर आहे आणि ग्रंथात त्याला टाळलेले नाही. एक निश्चेष्ट तरुणी केवळ एका पुरुषाला माणूस करण्याचे साधन होऊन पडून राहते, तिची इच्छा कोणी विचारत नाही, असा तो आक्षेप. त्यात तथ्य आहे. परंतु त्याचा मोठा भाग शिउलीची आई विद्या अय्यर हिच्यामुळे निष्प्रभ होतो असे मला वाटते. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या आणि ‘प्रिंटेड रेनबो’सारख्या अ‍ॅनिमेशनपटामुळे नावारूपाला आलेल्या गीतांजली राव यांनी ही भूमिका केली आहे. आयआयटीत शिकवणारी, एकटीने घर चालवणारी ही बाई मुलीच्या खाटेपाशी उभी राहते तेव्हा तिचा चेहरा रडका नसतो; तिला हिशेब करायचा असतो, इतर दोन मुलांचे पाहायचे असते, यंत्रे काढून टाकावीत असे सुचवणाऱ्या दिराला उत्तर द्यायचे असते, आणि या कोण कुठल्या मुलाला दार उघडावे की नाही तेही ठरवायचे असते. शोकाचा कायदेशीर हक्क तिचा आहे. ती तो डॅनबरोबर वाटून घेते, आणि पुढे आईच्याच अधिकाराने त्याला त्याच्या आयुष्याकडे परत जायलाही सांगते.

हक्काचा हा मुद्दा महाराष्ट्राला परका नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ च्या नोव्हेंबरात झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर अरुणा शानबाग ही परिचारिका १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, शुद्धीवाचून जगली. तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात फेटाळला, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला या प्रश्नावर रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गाला तिचा निकटचा स्नेही मानले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचारिकांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला शय्याव्रण झाला नाही, याची सर्वांनीच नोंद घेतली. रक्ताचे वा लग्नाचे नाते नसलेल्या माणसाने केलेली शुश्रूषाच नात्याचा पुरावा ठरू शकते, हे इथे न्यायासनाने मान्य केले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्याबाबत आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा यांना मान्यता दिली. आणि पाच आठवड्यांनी ‘ऑक्टोबर’ पडद्यावर आला, ज्यात रुग्णालयाच्या कागदोपत्री जिच्याशी कोणतेच नाते लावता येणार नाही अशा एका रुग्णाच्या वतीने एक मुलगा ‘थांबा’ म्हणतो. तो बरोबर होता की दीर, याचा निकाल चित्रपट देत नाही.

असा चित्रपट उपेक्षित का राहिला? मुख्य कारण साधे आहे. वरुण धवन यांना प्रेक्षकांनी आदल्याच वर्षी ‘जुडवा २’मध्ये नाचता-हसताना पाहिले होते, त्याच अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाला इथे नळ्यांच्या जंजाळात पडलेली नायिका आणि कधीच न उच्चारले गेलेले प्रेम भेटले. ज्यांना गंभीर चित्रपट हवा होता त्यांनी नायकाचे नाव पाहूनच पाठ फिरवली.

मानसशास्त्राच्या इतिहासाकडेही इथे एक दृष्टिक्षेप टाकणे आवश्यक आहे, कारण या चित्रपटांमागे त्याचीच दोन परस्परविरोधी मते उभी आहेत. फ्रॉइडने १९१७ साली शोक आणि विषाद यांवर लिहिलेल्या निबंधात असे मांडले की शोक हे एक कार्य आहे, मृतात गुंतलेली चित्तशक्ती थोडीथोडी सोडवून घेणे हे त्याचे स्वरूप, आणि ते पुरे झाल्यावर माणूस नव्या प्रेमाला मोकळा होतो. पुढे १९२० मध्ये त्याची स्वतःची मुलगी सोफी गेली, आणि १९२९ साली एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यानेच कबूल केले की अशी पोकळी कधी भरत नाही आणि भरू नये हेच ठीक. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांच्या १९६९ च्या ग्रंथातील पाच टप्पे आज सर्वतोमुखी झाले आहेत. पण ते मुळात मरणासन्न रुग्णांच्या निरीक्षणातून आले होते, मागे राहिलेल्यांच्या नव्हे, हे सांगणारे थोडे. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी अनुबंध तुटू न देता त्याचे रूप पालटणे हाच बहुसंख्य माणसांचा मार्ग असतो असा पक्ष मांडला. मिंगेलाचा चित्रपट पहिल्या मताच्या जवळचा. ‘ऑक्टोबर’ निःसंशय दुसऱ्या मताचा. आपल्या घरी दरवर्षी पितृपंधरवड्यात पान मांडणाऱ्या वाचकाला हे दुसरे मत नवे वाटणार नाही.

आणि हा विषय आज निकडीचा आहे. २०२० आणि २०२१ या वर्षांत असंख्य घरांतून माणूस रुग्णवाहिकेत चढले ते परत दिसले नाही. नळी घातलेला तो देह कोणी धरला नाही, मुखात पाणी कोणी घातले नाही, अंत्यविधी आच्छादित वेषातल्या अनोळखी माणसांनी उरकला. ज्यांनी ते सोसले त्यांनी नंतर लग्ने केली, मुले वाढवली, नोकऱ्या केल्या, पण त्या शोकाची कैफियत बहुतेकांनी कोणापुढे मांडलेली नाही. मृत्यू घरातून रुग्णालयात गेल्याला आता बराच काळ लोटला आहे, तरी रुग्णालयाच्या बाकावर बसून प्रेम कसे करावे हे शिकवणारे वाङ्मय आपल्याकडे फार तुटपुंजे आहे.

प्रस्तुत ग्रंथ ती उणीव एकट्याने भरून काढील असा दावा लेखिकेने केलेला नाही. तिने केले आहे ते असे की एका चित्रपटाचा हात धरून ती आधीच्या आणि शेजारच्या चित्रपटांकडे जाते, काव्य, कायदा आणि वैद्यक यांच्या इलाख्यांतून फिरते, आणि प्रत्येक वेळी त्याच एका प्रश्नाशी परतते: गेलेल्या माणसाचे आपल्यावर काही देणे उरते का, आणि ते कसे फेडावे. तिची शैली काही ठिकाणी फार सावध आहे; ‘मसान’वर तिने अधिक लिहायला हवे होते, आणि ‘अनुमती’ला दिलेला न्याय अजून मोठा हवा होता. पण चित्रपटातील एकेक दृश्य ती ज्या धीराने पाहते, तो धीर मराठी चित्रपटसमीक्षेत दुर्मीळ आहे.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. हे पान उलटण्यापूर्वी ‘ऑक्टोबर’ पाहावा, पूर्वी पाहिला असल्यास पुन्हा पाहावा, आणि पहिल्या अर्ध्या तासात डॅनचा राग आला तर तो येऊ द्यावा.